हान्झलची मुलगी

"यंदा वाटे नाहीत. कुणाला म्हणजे कुणालाच नाहीत." बावन्न वर्षांपूर्वीचा बाबांचा तो दबका आवाज ब्लाझेनाला बसमधून उतरता उतरताच ऐकू आला. तिनं थोरल्या भावाचा हात धरला. वोयतेखला वाटलं, गुडघा दुखतोय हिचा.

शनिवार-रविवारची ही सहल तिनंच ठरवली होती. वोयतेख एकाहत्तरचा, काळजाची दोन दुखणी काढलेला. आता नाही सांगितलं तर कधीच सांगणं व्हायचं नाही. गाव मात्र नव्या नवरीसारखं नटलेलं. तळ्याभोवतीच्या घरांना पिवळे-गुलाबी रंग, आणि त्यांच्या जन्मघरात पाहुण्यांसाठी खोल्या.

"आपल्या जुन्या गोठ्याची खोली केलीय, तीच दिलीय झोपायला," वोयतेख म्हणाला. "रात्री हंबरलीस तर उठव मला."

दुपारी दोघं रानाकडे गेली. बांध केव्हाच मोडलेले, सगळ्यांचं मिळून एकच शेत, मोहरीनं पिवळं. वोयतेख काठीनं हवेत रेघा ओढत होता. "इथवर आपलं. इथून हान्झलचं. त्याचं नाव घेतलं की अजून तोंड कडू होतं, ब्लाझा."

सांगायला म्हणून ब्लाझेना त्याच्याकडे वळली, आणि गुडघा दुखतोय एवढंच म्हणाली. बसमध्येही तीनदा असंच झालं होतं.

त्या हिवाळ्यात बाबांनी परवाना नसताना डुक्कर कापलं; त्या राजवटीत तो मोठा गुन्हा. कापायला एकटा शेजारचा हान्झल आला होता. तिसऱ्या दिवशी पोलीस. बाबा तीन वर्षं तुरुंगात, शेत सामुदायिक शेतीत, आणि आईचं हसू कुठं गेलं कोण जाणे. माहीत होतं ते एका हान्झललाच, म्हणून चुगली त्याचीच, असं गावानं ठरवलं. हान्झलच्या मुलीशी, यार्मिलाशी वोयतेखचं लग्न ठरलेलं होतं, ते त्यानं मोडलं. पुन्हा कुणाशी केलंच नाही.

आणि ब्लाझेना तेव्हा सात वर्षांची. डुक्कर कापलं की रक्ताचं, जवाचं वाफाळतं सार दारोदार पोचवायचं, ही गावची रीत. ज्याचं दार चुकलं त्याच्याशी जन्माचा अबोला. ते वाटे पोचवायचं काम दरवर्षी तिचं; त्या वर्षी मात्र बाबांनी कुणाकडेच न्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. गावात नवी आलेली मास्तरीण एकटी राहायची. तिला वाईट वाटेल म्हणून पोरीनं दुधाची किटली भरली, शालीखाली झाकली आणि बर्फातून नेली. "कुणाकडचं गं हे?" मास्तरणीनं गाल कुरवाळत विचारलं. पोरीनं मोठ्या अभिमानानं बाबांचं नाव सांगितलं.

रविवारी सकाळी दोघं अंगणात बसली होती. फाटकाशी यार्मिला आली. कंबरेत वाकलेली, हातात ताट.

"काल बसमधून उतरताना पाहिलं तुला, वोयता. खसखशीचे गोड पाव केलेत. विष नाही घातलेलं."

"तुमच्या घरातलं काही आमच्या दारी आलं की मागनं पोलीस येतात."

यार्मिलानं ताट फाटकाजवळच्या भिंतीवर ठेवलं. "बाबा जाताना म्हणाले होते, वोयताला सांग, मी नव्हतो. तसं पत्र टाकलं होतं मी."

"मिळालं. वाचलं आणि चुलीत घातलं."

"बरं झालं. हिवाळ्यात सरपण म्हणून कामाला आलं असेल." ती वळली. भिंतीचा आधार घेत एकेक पाऊल टाकू लागली.

"यार्मिला, थांब," ब्लाझेना म्हणाली. मग बसल्या जागीच, भावाकडे न बघता ती बोलली.

"वोयता, हान्झलकाकांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. साराची किटली घेऊन मास्तरणीच्या दारी मी गेले होते. आणि पोलीस कशानं आले, ते मला ते आले त्याच दिवशी कळलं होतं."