डब्यातला शाळू

मी एस. टी.त कंडक्टर आहे, तासगाव-सांगली. दिवसभर बोलणं हाच माझा धंदा, आणि घरी आलो तरी तोंड काही मिटत नाही. आई म्हणायची, ह्या सयाजीला गप्प बसायचा पगार दिला तरी हा घेणार नाही. खरं आहे. पण ह्या तोंडानं मी एका बाईची सहा वर्षं खाल्ली. ते मला गेल्या जानेवारीत, एकोणऐंशी साली, सांगलीत मधूच्या दुकानात कळलं.

बाई म्हणजे माझी वहिनी, विजयमाला. थोरला भाऊ लालासाहेब मिलिटरीत होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाईत बेपत्ता झाला. मेला असं कुणी म्हणेना, आहे असंही कुणी म्हणेना. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. वहिनी आमच्याकडेच राहिली.

पुढच्याच वर्षी रेडिओवर 'शनीची प्रदक्षिणा' सुरू झाली. दर गुरुवारी साडेसातला अर्धा तास, वर्षभर. एक यान शनीकडं निघतं, त्यात सात माणसं, आणि त्यांचा वायरलेसवाला दिवाकर नवव्या भागात एका उजाड चंद्रावर मागं राहतो. यान निघून जातं. काय सांगू, अख्खं गाव खुळावलं होतं. आमच्या गावात रेडिओ एकच, पंचायतीचा, चावडीत. तिथं तंबाखू चोळत पन्नास गडी बसायचे, आणि बायका चावडीची पायरी चढत नसत. रीतच तशी. मग शुक्रवारी सकाळी वहिनी भाकरी थापायची, मी पहिल्या गाडीला निघायच्या आधी चुलीपाशी बसून तिला कालचा भाग सांगायचो.

आता मी सांगणार म्हणजे जसंच्या तसं थोडंच सांगणार? अर्ध्या तासाचा भाग माझ्या तोंडून पाऊण तास चालायचा. दिवाकरचं नाव निघालं की वहिनीचा हात भाकरीवर थांबायचा. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी चेकाळलो. रेडिओत बिचारा दिवाकर महिना महिना येत नसे. माझ्याकडं तो दर शुक्रवारी यायचा. एकदा मी सांगितलं की त्याच्या पिशवीत शाळू ज्वारीचे चार दाणे निघाले, ते त्यानं पत्र्याच्या डब्यात पेरले, आणि तिकडं शनीच्या उजेडात त्याला कणीस धरलं. वहिनी त्या दिवशी हसली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. त्या रब्बीला तिनं परसात तुपाच्या रिकाम्या डब्यात खरंच चार दाणे पेरले, आणि मग दर साली पेरायला लागली.

त्र्याहत्तरच्या जूनमध्ये शेवटचा भाग झाला. त्याच आठवड्यात तिचा भाऊ अर्जुना फलटणहून फॉर्म घेऊन आला होता, साताऱ्याच्या नर्सबाईच्या कोर्सचा. वहिनी सातवी पास, आणि कोर्सला वयाची अट पंचवीसच्या आत. तिनं त्याला रात्रभर थांबवून घेतलं. सकाळी मला म्हणाली, भाऊजी, काल काय झालं ते आधी सांगा.

काल दिवाकर मेलेला सापडला होता. चावडीत पन्नास गडी नाक ओढत घरी गेले होते. आणि मी चुलीपाशी बसून सांगितलं की यान परत आलं, दिवाकरनं आतनं दार उघडलं, छातीपर्यंत दाढी, आणि म्हणाला, लय उशीर केलासा. कितव्या वर्षी, तिनं विचारलं. मी म्हटलं, सात सरून आठवं लागलं तवा. हा आकडा मी कुठून काढला, देव जाणे. अर्जुना कोरा फॉर्म खिशात घालून फलटणला परत गेला.

गेल्या डिसेंबरात सात वर्षं भरली. सांगलीच्या सैनिकी कचेरीचं पत्र आलं की बेपत्ता जवान आता मयत धरायचा आहे, पत्नीनं येऊन सही करावी. वहिनी निघाली, पण सही करायला नव्हे. आठवं वर्ष आत्ताच लागलंय, जरा थांबा, हे तिला साहेबाला सांगायचं होतं. मी तिच्यासोबत गेलो. साहेब जेवायला गेला होता, दोन तास लागतील म्हणाले. उन्हात कुठं बसायचं, म्हणून मी तिला मधूच्या दुकानात चहाला नेलं. अकलेचे दिवे पाजळले, दुसरं काय.

मधू रेडिओ दुरुस्त करतो. त्याच्या बाकड्यावर बँकेतला गोपाळकृष्ण बसला होता. दोघंही 'प्रदक्षिणे'चे वेडे, भेटले की तेच. त्या दिवशी कुणाला कुठला भाग जास्त आवडला हा वाद चालला होता. मधूला यानातली हवा गळते तो भाग. तो फुस्स आवाज स्टोव्हची हवा सोडून काढलेला होता, असं तो पैजेवर सांगत होता. गोपाळकृष्णाला सगळी घड्याळं उलटी फिरतात तो भाग. त्यानं ते घड्याळजीचं भाषण तोंडपाठ म्हणून दाखवलं. मीही रमलो. मग मधू कौतुकानं म्हणाला, वहिनी, तुम्हीही ऐकायचात का, तुम्हाला कुठला आवडला?

"डब्यात शाळू पेरतो, त्यो," वहिनी म्हणाली.

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. असा भाग नव्हता, मधू म्हणाला. गोपाळकृष्ण म्हणाला, मी एकही गुरुवार चुकवला नाही, शाळू कुठं आला?  मी उठलो, चला चला, साहेब आला असेल म्हणालो. पण वहिनी उठली नाही. तिनं मधूला विचारलं, मग शेवटाला दिवाकर घरी येतो का न्हाई?

मधूचा काही दोष नाही. त्याला वाटलं बाईला हौस आहे. त्यानं शेवटचा भाग तेव्हा चक्रीच्या टेपवर उतरवून घेतला होता, आणि आल्यागेल्याला ऐकवायचा. मी म्हटलं, गड्या नको, उशीर होतोय.

"लावा," वहिनी म्हणाली.

टेप फिरायला लागली. यान उतरतं. माणसं पळत दिवाकरनं उभारलेल्या झोपडीपाशी जातात, आतून त्याचा आवाज येतोय, मी इथं आहे, मी इथं आहे. दार फोडतात. आत यंत्रच बोलत असतं. दिवाकर खुर्चीवर बसलेला, सहा वर्षांपूर्वीच गेलेला. कप्तान यंत्र बंद करतो. संपलं.

वहिनीनं पदर सारखा केला आणि चहाची कपबशी उचलून बाजूला ठेवली. मग आम्ही कचेरीत गेलो. साहेब आला होता. तिनं मुदतीचं काही विचारलं नाही. बोट ठेवलं तिथं सही केली, सुवाच्य अक्षरात, पूर्ण नाव.

स्टँडवर बाकावर बसल्यावर मी काहीतरी पुटपुटलो. तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून सांगितलं, असंच काहीतरी. 

"गोष्ट हाय एवढं मला कळत हुतं, भाऊजी," ती म्हणाली. "मी खुळी न्हवं. पन माणसाला धरायला कायतरी लागतं, ते तुमी दिलंसा आन मी धरलं. त्या सकाळी त्यो मेला म्हनून सांगितलं आसतंसा, तर चुलीम्होरं रडले आसते आन अर्जुनदादाचा फारम भरला आसता. तवा मी तेवीस वर्सांची हुते."

ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. मला माझीच किळस आली. तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं, हे अर्धंच खरं होतं. आपण बोलायला लागलो की तिचा हात भाकरीवर थांबतो, हे मला आवडत होतं.

गाडी आली. कंडक्टर ओळखीचा, काय सयाजीराव आज गप्प, म्हणाला. मी तिकिटं काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी बसलो. वहिनीनं भाकरी वाढली, पुढ्यात तांब्या ठेवला आणि गोठ्यात गेली. मी हात धुवायला परसात आलो. शाळूची चार ताटं कणसासकट गाईपुढं पडली होती. डबा घासून, धुवून, दगडावर उपडा घातला होता.