कप्तानचं काय करायचं

कप्तान चावला तो नेमका सोनाबाईला, आणि तेही किशोरीच्या डोळ्यांदेखत.

सोनाबाई तिची शेजारीण. सुकापुरात चहूकडे इमारती उठल्या, तरी या दोन घरांमधलं कुंपण कधी पक्कं झालं नव्हतं. किशोरीच्या लेकीचं, कीर्तीचं लग्न ठरलं होतं. हळद दारातच करायची होती, म्हणून सोनाबाई तांदूळ पाखडायला आली होती. कप्तान साखळीला होता. सूप घेऊन ती त्याच्यासमोरून गेली, रोज जायची तशीच. तो भुंकला नाही की गुरगुरला नाही. साखळीचा हुक निसटला की आधीपासूनच उघडा होता, ते पुढे कुणालाच सांगता आलं नाही. सूप एकीकडे, तांदूळ दुसरीकडे आणि सोनाबाईचा दंड त्याच्या जबड्यात.

किशोरीनं आरडाओरडा केला, अंगावर बादली ओतली, शेवटी गळ्याच्या पट्ट्यात हात घालून त्याला मागं ओढलं. तिला तो चावला नाही. तिच्याकडे बघून त्यानं शेपूट हलवायचा प्रयत्न केला. शेपूट म्हणजे काय, नुसतं बुडखंच होतं. त्या हलणाऱ्या बुडख्याचीच किशोरीला जास्त भीती वाटली.

कप्तान होता रॉटवायलर, आणलेला कल्पेशनं. कल्पेश किशोरीचा थोरला, न्हावा शेव्याच्या बंदरात त्याचे ट्रेलर चालायचे. गल्लीत चोऱ्या झाल्या त्या वर्षी तो ओंजळीएवढं पिल्लू घेऊन आला. मित्र आले की कुत्र्यासोबत फोटो काढायचे, रील बनवायचे. बाकी त्याचं खाणं, आंघोळ, गोचीड काढणं, घाण उचलणं, सगळं किशोरीच्या गळ्यात. याआधी त्यानं दूधवाल्याची पोटरी धरली होती. तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून चूक दूधवाल्याची काढली होती. पळाला कशाला, म्हणून.

सोनाबाई काही पळाली नव्हती.

दवाखान्यात टाके पडले, इंजेक्शनं झाली. किशोरी उशाशी बसून होती. सोनाबाईच बोलली.

"किशोरी, त्याला माज्या नावानं मारू नको हां. तां पाप मना नको."

"मंग काय करू?"

"तां तुजा तू बघ. पन तो हाय तवर मी तुज्या दारात यायची नाय. हलद असो नायतर काय असो."

यात राग नव्हता. भाजीवाल्याला उद्याची मेथी सांगावी तशी ती बोलली आणि कुशीवर वळली.

घरी आल्यावर बोलणी सुरू झाली. नवरा, जगन, म्हणाला, "तुमी मायलेक ठरवा," आणि टीव्हीपुढं जाऊन बसला. कीर्तीनं सांगून टाकलं की डीजे वाजणार, दोनतीनशे माणूस येणार, तिच्या सासरच्या कुणाला कुत्र्यानं फाडलं तर लग्नच राहील बाजूला. कल्पेश म्हणाला, "आये, मी बघतो. तू टेन्शन घेऊ नको."

त्यानं बघितलं ते असं. रविवारी एक माणूस टेम्पो घेऊन दारात आला. नाव धर्मराज. कोन गावाच्या बाजूला एका फार्महाऊसची राखण करायचा. कुत्रा बघून तो खूश झाला. "असाच पायजे व्हता," म्हणाला. "मालक बी सारखं बोलतान, दांडगा कुत्रा आन." कल्पेशनं पट्टा, साखळी, खाण्याचं भांडं, सगळं टेम्पोपाशी आणून ठेवलं.

किशोरीनं चहा दिला. सहज विचारावं तसं विचारलं, "घरात कोन कोन हाय तुमच्या?"

"सून, पोरगा, दोन नातवंडं. धाकटा आता कुठं चालाय लागलाय. कुत्र्यांचा लय नाद त्याला, सरळ गळ्यातच पडतो."

कल्पेशनं आईकडे पाहिलं. त्या पाहण्यातली विनवणी किशोरीला कळली. तिनं कप खाली ठेवला.

"त्यानं परवाच शेजारनीला फाडलंय," ती म्हणाली. "त्याच्याआदी दूधवाल्याला. न भुंकता धरतो. तुमी न्या नायतर नका नेऊ, पन ह्यां ठावं असू द्या."

धर्मराज चहा पुरता न पिताच उठला. रागावला नाही. उलट जाताना हात जोडले.

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तसा कल्पेश उसळला. "काय गरज व्हती? चांगला जात व्हता तो! आता मेला तर तुज्यामुलं मरंल!"

"माज्यामुलं मरू दे," किशोरी म्हणाली. "त्याचा नातू आपल्यामुलं नको मरायला."

दुसऱ्या दिवशी दोघं मायलेक कप्तानला जुन्या पनवेलात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी त्याला गुंगी देऊन कान, दात, कंबर, सगळं तपासलं. "दुखणं काही नाही," त्या म्हणाल्या. "असतं तर बरं झालं असतं, औषध देता आलं असतं. हा इशारा न देता चावतो, ते वाईट आहे. पण धडधाकट जनावराला मी लगेच मरणाचं इंजेक्शन देणार नाही. आधी तोंडाला मुसकी बांधा, मजबूत पिंजरा करा, ट्रेनर लावा. खरोखर करून बघा, आणि मग या."

परतताना किशोरी कल्पेशला म्हणाली, "मुसकी तू बांधशील. खायला तू घालशील. मी हात लावनार नाय."

आणि कल्पेशनं खरंच केलं. ट्रेलरचं काम चुलतभावावर टाकून तो सकाळ-संध्याकाळ कप्तानच्या मागं राहिला. नवीन पनवेलहून ट्रेनर यायचा. हळद दारात न करता हॉलमध्ये केली. सोनाबाई तिथं आली, नाचली नाही पण गाणी म्हणाली. लग्न पार पडलं. कप्तान बस म्हटलं की बसायला लागला, थांब म्हटलं की थांबायला लागला. कल्पेश ते जो येईल त्याला करून दाखवायचा. जमलं बहुतेक, असं किशोरीलाही वाटू लागलं होतं.

मग एका सकाळी, मुसकीचा पट्टा कल्पेश रोजच्यासारखा आवळत असताना, कप्तान त्याच्या हाताला चावला. रोज तेच, तोच माणूस, तीच वेळ. कारण काहीच नाही. किशोरी धावत आली तेव्हा पिंजऱ्याचं दार लावून कल्पेश खाली बसला होता आणि हाताला गुंडाळलेला टॉवेल लाल होत होता. आत कप्तान शांत उभा होता.

"आये," कल्पेश म्हणाला, "मी काय चुकलो काय?"

"नाय रे."

"मंग?"

किशोरीनं टॉवेल आणखी घट्ट आवळला. ती म्हणाली, "चल, हात दाखवू आधी."

त्याचा हात बरा होऊ लागला तसं त्यानंच डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, बऱ्याच गोष्टी विचारल्या. मग म्हणाल्या, घेऊन या.

कल्पेश दवाखान्याच्या आत आला नाही, गाडीतच बसून राहिला. किशोरीनं कप्तानचं डोकं मांडीवर घेतलं. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग दुसरं. मुसकी शेवटपर्यंत तोंडावरच होती. बाईंनी काढू दिली नाही, किशोरीनंही मागितलं नाही. ती त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. आपण रडू असं तिला वाटलं होतं, पण रडू आलं नाही.

गाढी नदीच्या बाजूला त्यांचा शेताचा एक तुकडा उरला होता. तिथं खड्डा खणला. कल्पेशला एका हातानं जमेना, तेव्हा किशोरीनं पदर खोचून फावडं घेतलं. माती ओढून झाल्यावर कल्पेश बांधावर बसला आणि खूप वेळ हुंदके देत राहिला. तिनं त्याला गप्प केलं नाही.

तेवढ्यात जगनचा फोन आला.

"झाला?"

"झाला."

"बरा," तो म्हणाला. "मी मच्छी मार्केटात हाय. येताना काय आनू?"

किशोरीनं मातीचे हात साडीला पुसले. सकाळपासून घरात कुणीच काही खाल्लं नव्हतं.

"मांदेली मिलाली तर आन," ती म्हणाली. मग बांधाशी जाऊन तिनं कल्पेशला चांगल्या हाताला धरून उठवलं.