टाकव्यापुढचं कीर्तन

मंगल कान्ह्याजवळच्या पॉलिहाऊसमध्ये गुलाबाच्या जुड्या बांधते. सुट्टी झाली की फाट्यावर एसटीची वाट बघत मोबाईलवर भजनी मंडळाचं वेबपान उघडते आणि धोंडिबा महाराजांचं कीर्तन लावते. टाकवे गाव मागं पडलं की रेंज जाते. एसटीतून उतरल्यावर वाडीपर्यंत तासभर पायवाट.

कीर्तन रोज साधारण एकाच ठिकाणी तुटायचं. दृष्टांत असा, की एक शेतकरी तापानं फणफणलेला आणि भर पावसात त्याच्या खाचराचा बांध फुटलेला. ताप उतरल्यावर तो जाऊन बघतो तर बांध कुणीतरी लिंपलाय आणि चिखलात पावलं उमटलीत. महाराज विचारतात, "सांगा, पावलं कुणाची?" की लागलंच गोल चक्र फिरायला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नमनापासून. पुढं सरकवून ऐकता आलं असतं, पण कीर्तनाला मधूनच बसू नये, हे आईनं लहानपणीच शिकवलेलं. सहा महिन्यांत मंगलला पहिला अर्धा भाग तोंडपाठ झाला, दुसरा तिनं ऐकलाच नव्हता. राहिलेलं कीर्तन ती चालता चालता मनाशीच पुरं करी.

दत्तजयंतीच्या सप्ताहात वाडीनं तिसऱ्या दिवसाची कीर्तनसेवा तिला दिली. वाडीतली बाई कीर्तनाला उभी राहणार, हे पहिल्यांदाच. अर्धं कीर्तन घेऊन उभं राहायचं कसं? तिनं कामशेतच्या संदेशला फोन केला. मंडळाचं पान तोच सांभाळतो.

"दादा, मला शेवट पायजे. रोज तुटतंय."

"मग सरकव ना पुढं."

"कीर्तन हाय ते, सिनेमाचं गाणं न्हाई!"

संदेश हसला, पण कामाला लागला. लिंकमध्ये त्यानं डाउनलोडचा शब्द घातला. तरी लिंक दाबली की कीर्तन वाजायलाच लागे. फायली ठेवल्या होत्या दुसऱ्याच सर्व्हरवर, आणि ब्राउझर तो शब्द मानतो तो पानाच्या स्वतःच्या साइटवरच्या फायलींपुरताच. मग त्यानं त्या सर्व्हरलाच सांगून ठेवलं, ही फाईल उघडायची नाही, उतरवून द्यायची.

दोन दिवसांनी वाडीचे सावळा आबा टाकव्याच्या बाजारातून फोनवर ओरडले, "संदेश, तुजी लिंक मेली रं! दाबतोय, दाबतोय, काय बी वाजंना."

"किती वेळा दाबली, आबा?"

"सात."

"मग सात कीर्तनं आलीत तुमच्या मोबाईलमधी. फायलींत बघा."

आबांनी त्यातलं एक देवळात स्पीकरवर लावलं. सगळ्या वाडीनं शेवटपर्यंत ऐकलं.

मंगलनं ते पायवाटेनं एकटीनं ऐकलं. पावलं जुळलेली होती, महाराज सांगत होते, विटेवर असतात तशी. मोबाईलमध्ये गजर झाला. मंगल वाटेतच थांबली. तिच्या मनातल्या शेवटात पावलं बांधशेजाऱ्याची होती, शेतकऱ्याचं ज्याच्याशी बोलणं बंद होतं त्याची. महाराजांचा शेवट गोड होता, तयार होता, आणि आता वाडीला ठाऊकही होता. दुसरा सांगावा तर फजितीची भीती.

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी ती उभी राहिली. पहिला अर्धा भाग बिनचूक झाला. मग तिनं विचारलं, "सांगा, पावलं कुणाची?"

"पांडुरंगाची!" पुढं बसलेली सरूबाई लगेच म्हणाली. टाळकऱ्यांनी टाळ उचलले.

"थांबा," मंगल म्हणाली. "पावलं जुळलेली नव्हती. एक उथळ, एक खोल. शेजारी लंगडा होता. शेतकऱ्यानं पावलं ओळखली. बारा वर्षं ज्याच्याशी बोलला नव्हता, त्याच्या दारात गेला आणि पाया पडला. कुणाच्या पाया पडला, ते तुम्हीच सांगा."

टाळ तसेच वर राहिले. मग आबांनीच गजर धरला, आणि मागून सगळ्यांनी.

कीर्तन संपल्यावर रीतीप्रमाणे आबा पाया पडायला वाकले. मंगल मागं सरली.

"आबा, महाराजांचं सोडून माजंच सांगितलं. चुकलं का?"

"त्ये मला काय ठावं? पर म्हाराजांची माज्याकडं सात हायेत. ह्ये कुणी मोबाईलमधी भरून घेतलंय का?"

कीर्तनाला कामशेतहून आलेल्या संदेशनं मागून मोबाईल वर केला.

"मग टाक त्या पानावर," आबा म्हणाले. "ह्या येळी एकदाच दाबीन."