शेपटीच्या उलट बाजूला

घरचे तिला भिंगरी म्हणत. त्या दिवशी तर तिच्या पायाला खरंच चाकं फुटली होती. वेधशाळेतल्या आपल्या अरुंद खोलीत ती खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती. दूरच्या डोंगरावरच्या दुर्बिणीने काढलेलं चित्र दुपारपर्यंत यायचं होतं आणि त्यात तिचा जीव अडकला होता.

झालं होतं असं, की एका दीर्घिकेला, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या एका भल्यामोठ्या भोवऱ्याला, ताऱ्यांचीच लांबलचक शेपटी फुटलेली दिसत होती. भिंगरीने भरल्या सभेत सांगून टाकलं, "शेजारून दुसरी एखादी छोटी दीर्घिका गेलीय. तिच्या गुरुत्वाकर्षणाने हे तारे ओढले गेलेत." तिला ज्यांनी शिकवलं ते सरच तेव्हा उठून म्हणाले, "गेलीय ना? मग दाखव कुठाय ती!" सभा खो खो हसली होती.

ताईचा फोन आला. "काही पोटात ढकललंस का?"

"ताई, आत्ता घास उतरणार नाही."

"आकाशातलं कुठे पळून जाणार आहे का? खाऊन घे मुकाट्याने."

फोन ठेवते तोच चित्र आलं. शेपटीच्या टोकाशी, जिथे ती छोटी दीर्घिका असायला हवी होती, तिथे मिट्ट काळोख. भिंगरीने चित्र मोठं केलं, उजळ केलं, डोळे फाडफाडून पाहिलं. काही नाही म्हणजे काहीच नाही.

सर कधी मागे येऊन उभे राहिले ते तिला कळलंही नाही.

"आता तरी कबूल कर."

"सर, कुणी ओढल्याशिवाय इतके तारे घरदार सोडून निघत नाहीत."

"मग ओढणारी गेली कुठे?" एवढं बोलून ते निघून गेले.

तो प्रश्न तिला कुसळासारखा टोचत राहिला. तिने संगणकावर पुन्हा दोन दीर्घिका मांडल्या आणि छोटीला मोठीच्या जवळून जाऊ दिलं. एरवी शेपटी फुटली की ती गणित तिथेच थांबवायची. आज वैतागून ते तसंच चालू ठेवलं आणि पुन्हा फेऱ्या सुरू केल्या.

दारापाशी वळताना तिची नजर पडद्यावर गेली आणि ती जागच्या जागी थबकली. गुरुत्वाकर्षण जवळच्याला जास्त ओढतं, लांबच्याला कमी. छोटीच्या बाजूचे तारे तिच्याकडे झेपावले आणि बरेचसे तिने गिळून टाकले. मोठीचा गाभाही थोडा तिकडे सरकला. पण पलीकडच्या काठावरचे तारे मागेच रेंगाळले आणि त्यांचीच लांब शेपटी झाली.

"अगं बाई! मी उलट्याच बाजूला शोधत बसले!"

ती धावत सरांच्या खोलीत शिरली. दार वाजवायचंही भान नव्हतं. "सर, ती विरुद्ध बाजूला आहे!"

"तिकडे तर आपल्याच आकाशगंगेतला एक लखलखीत तारा आड येतो."

"म्हणूनच कुणाला दिसली नाही!"

सर पुटपुटत उठले, पण उठले. दोघांनी मिळून त्या ताऱ्याची झळाळी चित्रातून हळूहळू वजा केली. खाली एक धुरकट डाग उरला. भिंगरीने टुणकन उडीच मारली.

"नाचू नकोस," सर म्हणाले. "नुसता डाग म्हणजे शेजारीण नव्हे. ती कितीतरी मागची, भलतीच दीर्घिका असू शकेल. तिचा वेग मोजावा लागेल, तो जुळला तरच शेजारीण. दुर्बिणीवर वेळ मिळण्यासाठी अर्ज मी लिहितो, तू लिहिलंस की भांडण वाटतं."

पुढचे महिने तिने कसे काढले तिचं तिला ठाऊक. चहा गार व्हायचा, बोललेलं अर्धवट राहायचं, झोपेतही ती कूस बदलत राहायची.

अखेर मोजमाप हाती आलं. दोन्ही दीर्घिका शेजारीच होत्या आणि तिच्या गणिताप्रमाणेच एकमेकींपासून दूर चालल्या होत्या. सरांनी आकडे दोनदा तपासले, चष्मा पुसला.

"आहे. मी चुकलो," ते म्हणाले. आणि लगेच फळ्यापाशी जाऊन खडू उचलत, "पण तिचं वस्तुमान तू फार धरलंयस."

"मुळीच नाही! आणि सर, हा वेग सुटून जायला पुरेसा नाहीये. ती परत येईल, मग दोघी एकमेकींत मिसळतील."

"तेव्हा आपण नसू."

"पण गणित तर आत्ता करता येईल ना?" म्हणत तिने त्यांच्याच हातातला खडू घेतला आणि फळा पुसायला घेतला.