भुईभाड्याची माणसं

आमच्या इमारतीखालची जमीन एका ट्रस्टची आहे आणि तिचं भुईभाडं म्हणून ट्रस्टची माणसं आमच्या घरात उभी असतात. पहिल्या वर्षी एक होता. भाडं दरवर्षी दुप्पट होतं. यंदा बत्तीस आहेत.

खरं तर भाडेपट्ट्यात लिहिलंय, माणसाने दाराबाहेर उभं राहावं. पण पहिला आला तेव्हा माझी बायको हेमलता त्याला म्हणाली, "अहो, बाहेर का ताटकळताय? आत या, चहा घ्या." तो आत आला, चहा प्यायला. तेवढ्याने वहिवाट पडली. इतका महागडा चहा आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणी पाजला नसेल.

माणसं तशी सभ्य आहेत. बोलत नाहीत, बसत नाहीत, खात नाहीत. फक्त श्वास घेतात. दोन खोल्यांतली हवा त्यांनाच पुरत नाही आणि हेमलताला दमा आहे. गेले दोन महिने ती खिडकीच्या गजांना नाक लावून उभ्यानेच झोपते. म्हणून घर विकायचं आणि नागपूरला मुलीकडे जायचं ठरवलं.

एजंट लोटलीकर गिऱ्हाईक घेऊन आला. गिऱ्हाईक वाट काढत कसंबसं मोरीपर्यंत पोचलं.

"आणि ही माणसं?"

"फर्निश्ड आहे म्हणा की," लोटलीकर म्हणाला.

गिऱ्हाइकाने टेप काढून दोघांच्या खांद्यांमधलं अंतर मोजलं आणि निम्मी किंमत सांगितली. मी लगेच हो म्हटलं.

ना हरकत दाखला द्यायला ट्रस्टचे सेक्रेटरी रेळे स्वतः आले.

"विक्री झाली की पुढच्या वर्षाचं भाडं आगाऊ. चौसष्ट. हे बत्तीस आहेतच, आणखी एकतीस जण आणलेत, जिन्यात आहेत. एक कमी पडतोय. हल्ली उभं राहायला माणसं मिळत नाहीत हो."

"मग?"

"मग पुढच्या वर्षी बघू."

"तोवर ही जगायची नाही."

"मी राहते उभी," हेमलता खिडकीतून म्हणाली. "मला सवय झालीये. तुम्ही उरका एकदाचं."

मी नाही म्हणायला हवं होतं. तिच्यासाठीच तर विकत होतो. तिच्याऐवजी आपण उभं राहावं, हे मला सुचलंसुद्धा नाही. रेळ्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं, लोटलीकर घड्याळ बघत होता. मी सही केली. सांगायला लाज वाटते, पण सही करताना हलकं वाटलं.

रेळ्यांनी तिला खिडकीपासून हलवून दाराजवळ जागा दिली. दुसऱ्या दिवशी नव्या मालकाचं सामान आलं. मी बॅग घेऊन जिन्यात उभा होतो, खिशात नागपूरची दोन तिकिटं.

"हेमा," मी हाक मारली. ती समोर बघत राहिली.

हमालांनी फ्रिज तिरपा करून दारातून आत घेतला. तो जावा म्हणून तिने अंग चोरलं.