फुंकरीचा रिपोर्ट

निळं पाणी एकदम पिवळं होत नाही. आधी नळीच्या टोकाशी बुडबुडे येतात, मग रंग फिका पडत जातो, आणि पिवळ्यावर जाण्याआधी क्षणभर तो हिरवा असतो. कॉलनीच्या हॉलमध्ये जमलेल्या एवढ्या गर्दीत तो हिरवा टप्पा पाहिला फक्त ताईनं. बाकीच्यांना दिसलं ते सरळ निळ्याचं पिवळं. "अगं बाई!" असा एकच आवाज उठला आणि मागच्या रांगेतले लोक खुर्च्यांवरून अर्धवट उभे राहिले.

"बघितलंत?" टेबलामागून बेबी म्हणाली. तिनं ग्लास दिव्यासमोर धरला. "हे तुमच्या अंगात वर्षानुवर्षं साठलेलं आम्ल! रक्ताच्या रिपोर्टात हे दिसत नाही. डॉक्टर सांगत नाहीत. सांगतील कसे? पेशंट कायमचा बरा झाला तर दवाखान्याचं भाडं कोण भरणार?"

हॉल हसला. बेबीला हॉल हसवता यायचा.

"परदेशात मोठ्या विद्यापीठात संशोधन झालंय. आम्लात आजार वाढतो, क्षारात मरतो. मी नाही म्हणत हं, सायन्स म्हणतं! पेपरात आलंय." तिनं दुसरा ग्लास पुढे सरकवला. त्यातही तसंच निळं पाणी. "आता आपली हिरवी पूड रोज घेणाऱ्या सभासद. ये, आई."

पहिल्या रांगेतून आई उठली. चारचौघांत बोलवलं की लाजणारी आई, पण आज तिनं पदर सारखा केला, नळी तोंडात धरली आणि फुंकली. फुंकली, थांबली, पुन्हा फुंकली. पाणी होतं तसं निळंच.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"साखरेची जुनी पेशंट," बेबी म्हणाली. "आता भात खाते, बिस्किटं खाते. आणि रिपोर्ट तुमच्यासमोर आहे."

निवृत्त बँक मॅनेजरांनी हात वर केला. "मग मी माझ्या गोळ्या बंद करू?"

"मी बंद करा असं कधीच म्हणत नाही, काका. शरीर आपणहून सांगेल." हे वाक्य पूड विकणाऱ्या कंपनीनं तिच्याकडून घोटून घेतलं होतं. त्यात म्हणायचं ते म्हणून व्हायचं आणि अंगाला काही चिकटायचं नाही.

ताई मागे, रचून ठेवलेल्या खुर्च्यांपाशी उभी होती. शहराच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची उभी हयात गेली होती. पाण्यात आम्ल किती, क्षार किती हे मोजणं हे तिचं रोजचं काम. तो निळा रंग तिच्या टेबलावर बाटलीत असायचा. माणसाच्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, तो पाण्यात विरघळला की पाणी किंचित आम्ल होतं आणि रंग बदलतो. आजारी माणसानं फुंकलं तरी बदलतो, पैलवानानं फुंकलं तरी बदलतो. शाळेची मुलं प्रयोगशाळा पाहायला आली की ती हाच प्रयोग करून दाखवायची. फक्त तेव्हा कुणी टाळ्या वाजवायचं नाही.

शेजारची शिवणकामवाली तिच्याकडे वळली. "तुम्ही बेबीताईंच्या बहीण ना? काय भाग्य हो तुमचं!"

आजवर बेबीची ओळख "ताईची धाकटी बहीण" अशी होती. नापास झाली तेव्हाही, नोकऱ्या सोडल्या तेव्हाही. आता वारं फिरलं होतं. खरं तर त्याच वेळी पुढे जाऊन चार वाक्यांत सगळं सांगता आलं असतं. पण बोलायला तोंड उघडलं आणि आपला आवाज कसा जळका येईल ते तिला आधीच ऐकू आलं. ती रचलेल्या खुर्च्यांमागे सरकली.

---

आई राहायची ताईकडे. गोळ्यांची डबी ताई भरायची, सकाळी बोटाला सुई ताई टोचायची, भाताचा दुसरा डाव ताईच अडवायची. बेबी रविवारी यायची ती केक घेऊन. त्यामुळे आईच्या लेखी ताई म्हणजे "नको" आणि बेबी म्हणजे "घे गं, काही होत नाही". एकीनं नाकारायचं आणि दुसरीनं लाडानं भरवायचं, यात माया कुणाची जास्त दिसणार?

डॉक्टर बरेच दिवस सांगत होते, "आजी, गोळ्या आता पुरत नाहीत. इन्सुलिन सुरू करूया." आई म्हणायची, "बघू." हे "बघू" उन्हाळ्यापासून चाललं होतं. तेवढ्यात बेबीची पूड आली आणि त्या "बघू"ला भक्कम टेकू मिळाला. सकाळी सुईसाठी बोट पुढे करणंही आईनं बंद केलं.

"सुई एकदा मागे लागली की सुटत नाही, बेबी म्हणते."

"बेबी काय डॉक्टर आहे?"

"तू तरी कुठे आहेस?" आई शांतपणे म्हणाली. "आणि तुम्हा शिकलेल्यांचं तरी कुठे एक ठरतंय? मागे कॉफी वाईट होती, आता चांगली. अंडं विष होतं, आता अमृत. उद्या तुम्हीच सांगाल, इन्सुलिन चुकलं म्हणून."

आईचं निरीक्षण खोटं नव्हतं. ताईनं बेबी सांगायची ते मूळ संशोधनच शोधून वाचून काढलं. काही पेशी काचेच्या थाळीत वाढवल्या होत्या. थाळीतलं पाणी कमीजास्त आम्ल केलं होतं. माणूस त्यात कुठेच नव्हता, आणि यावरून माणसांच्या आहाराबद्दल काही सांगता येत नाही असं लिहिणाऱ्यांनीच शेवटी स्वच्छ लिहून ठेवलं होतं. पेपरवाल्यानं ती ओळ गाळली. फोनवर फिरणाऱ्या मजकुरात थाळीही गळाली. बेबीच्या हॉलपर्यंत पोचलं ते एवढंच, की आम्लात आजार वाढतो आणि पूड मोठ्या डब्यात स्वस्त पडते.

हे सांगायला ती बेबीच्या घरी गेली. स्वयंपाकघरात डब्यांची चळत छतापर्यंत लागली होती.

"अगं, पेशी होत्या त्या! थाळीतल्या!"

"आपण पेशींचेच बनलोय ना, ताई? की ते पण बदललं?"

"बेबी, आईच्या गोळ्या—"

"ताई, एक खरं सांग." बेबी डबे पुसायचं थांबली. "तुला राग पुडीचा आहे, की माझा?"

उत्तर ताईला माहीत होतं, आणि ते अर्धंच शास्त्रीय होतं. ती घरी परत आली आणि गप्प बसली. आपण गप्प आहोत ते समजूतदारपणानं, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. ते काही खरं नव्हतं. लोक "जळते" म्हणतील, या भीतीनं ती गप्प होती. आणि लोकांचं काही चुकलं नसतं.

---

आई घरातही मोजे घालू लागली. "गार लागतं" म्हणायची. एका सकाळी चादर बदलताना पायथ्याशी पिवळट डाग दिसला. ताईनं आईला पलंगावर बसवलं आणि ती नको नको म्हणत असताना मोजा काढला. अंगठ्याच्या बाजूला जखम होती. कड काळी पडली होती.

"हे कधीपासून?"

"दुखत नाही गं मुळीच. बेबी म्हणाली, अंगातलं विष बाहेर पडतंय. चांगलं लक्षण आहे."

"दुखत नाही हेच वाईट आहे, आई! साखरेनं पायाची जाणीवच गेलीय." तिनं गोळ्यांची डबी उघडली. खण भरलेले होते, तिनं भरले तसेच. "चल, उठ. आत्ता डॉक्टरांकडे जायचं."

"आज बेबीचा कार्यक्रम आहे. माझ्याशिवाय तिचा दुसरा ग्लास कसा व्हायचा? तो होऊ दे, मग बघू."

हात धरून ओढून न्यावं तर आई पलंगाचा दांडा घट्ट धरून बसलेली. आणि नेलीच दवाखान्यात, तरी डॉक्टरांनी दिलेलं ती घरी येऊन पुडीच्या डब्यामागे ठेवणार. ताईनं जखम धुतली, पट्टी बांधली. मग तिनं पिशवी भरली. सोडावॉटरची बाटली, रबरी नळी आणि स्वयंपाकघरातली खाण्याच्या सोड्याची एक पुडी.

---

हॉल नेहमीपेक्षा भरलेला होता. पहिला ग्लास पिवळा झाला, "अगं बाई!" झालं, परदेशातलं विद्यापीठ येऊन गेलं. "ये, आई," बेबीनं हाक मारली. आईच्या आधी ताई टेबलापाशी पोचली.

"बेबी, आज मी फुंकते."

"तू?" बेबी हसली, पण डोळे हसले नाहीत. "तू कुठे पूड घेतेस?"

"म्हणूनच." ताईनं दुसरा ग्लास उचलला आणि नळीतून फुंकलं. सावकाश, दम पुरेपर्यंत. पाणी निळंच राहिलं.

"अरेच्चा!" बँक मॅनेजर म्हणाले. "पूड न खाताच बऱ्या झाल्या की या!"

थोडं हसू पिकलं. बेबीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

ताईनं टेबलावरच्या जगमधलं साधं पाणी एका नव्या ग्लासात ओतलं, त्यात बेबीच्या बाटलीतल्या निळ्याचे थेंब टाकले. "आता आईनं यात फुंकावं. ती रोज पूड घेते."

आई जागची हलली नाही. तिचा आवाज बारीक होता, पण हॉलभर ऐकू गेला. "बास कर, ताई. तुला तिचं चांगलं चाललेलं बघवत नाही."

"नाही बघवत," ताई म्हणाली. तिनं दोन्ही हात टेबलावर टेकले. "जळते मी तिच्यावर. तुम्ही सगळे तिला टाळ्या वाजवता, आई तिचं ऐकते, माझं ऐकत नाही. रात्र रात्र झोप लागत नाही मला. पण माझ्या जळण्यानं पाण्याचा रंग बदलत नाही ना? म्हणून माझ्यावर विश्वास ठेवूच नका. फुंक तू, आई."

आईनं बेबीकडे पाहिलं. बेबीनं मान खाली घातली. आईनं फुंकलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी पिवळं झालं.

"म्हणजे परत आम्ल चढलं?" शिवणकामवाली घाबरून म्हणाली.

"आम्ल नाही हो, श्वास आहे तो. आपण सगळेच जो सोडतो तो वायू. हे बघा." ताईनं सोडावॉटरची बाटली उघडली, रबरी नळी तोंडाला बसवली, दुसरं टोक ताज्या निळ्या पाण्यात सोडलं आणि बाटली हलवली. वायू बुडबुडत गेला. पाणी पिवळंधमक झालं. "आता सांगा, या बाटलीला कुठला आजार आहे?"

आता हॉल खदाखदा हसला, आणि यावेळी बेबीनं हसवला नव्हता.

"आणि हा तिचा उपचार." तिनं खाण्याच्या सोड्याची पुडी फोडून चिमूट पाण्यात टाकली, ढवळलं. पिवळं पाणी पुन्हा निळं झालं. "दुसऱ्या ग्लासात हाच घातलेला असतो. मग कितीही फुंका, निळं ते निळंच. बदलत होता तो ग्लास. माणूस तसाच राहत होता. बेबी, काय घालतेस त्यात?"

"अ‍ॅक्टिव्हेटर," बेबी पुटपुटली. "ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. पाणी जागं होतं म्हणाले."

"आणि तू विचारलं नाहीस, कशानं?"

"टाळ्या पडत होत्या गं." बेबीचा आवाज फुटला. "तुझं सगळे लहानपणापासून ऐकतात. माझं पहिल्यांदाच कुणीतरी ऐकत होतं."

बँक मॅनेजर उठले. हसू ओसरलं होतं. "पण मॅडम, पेपरात तर आलंय. आम्ही सामान्य माणसांनी ओळखायचं कसं? रोज नवं संशोधन!"

"रोज नवं येतं ते बरंच आहे, काका. चूक सापडली की शास्त्र ती दुरुस्त करतं, आणि तेही सगळ्यांसमोर. पूड विकणारा कधी म्हणालाय, आमचं चुकलं?" ताई आता शांतपणे बोलत होती, शाळेच्या मुलांशी बोलायची तशी. "संशोधन झालंय असं कुणी म्हणालं की विचारा, कुणावर झालं? पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? आणि ज्यांनी ते औषध घेतलं नाही, त्यांचं काय झालं? मी आज एवढंच केलं, पूड न खाता पूड खाणाऱ्यांच्या ग्लासात फुंकलं. हे कुणालाही करता येतं. डोळ्यांनी पाहिलं म्हणजे झालं असं नाही. ग्लासांची अदलाबदल करून बघा. आणि गोळ्या, काका, शरीर सांगेल म्हणून थांबवू नका. शरीर फार उशिरा सांगतं."

ती आईच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहत होती. हळूहळू सगळेच तिकडे पाहू लागले.

---

घरी तिघी स्वयंपाकघरात बसल्या. जिंकल्यावर काहीतरी वाटेल अशी ताईची समजूत होती. प्रत्यक्षात बेबी हुंदके देत होती आणि आई तिच्या केसांवरून हात फिरवत होती. खरं बोलली ती समोरच्या खुर्चीवर एकटी होती.

"रंगाबिंगाचं मला काही कळत नव्हतं," आई म्हणाली. "मला इंजेक्शन नको होतं, एवढंच. हिनं नको म्हटलं, मला बरं वाटलं." तिनं आपणहून बोट पुढे केलं. "बघ किती आहे ते."

ताईनं सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीला लावला. यंत्रावरचा आकडा तिघींनी पाहिला. तो फारच वर गेला होता.

"बेबी हात धरेल माझा," आई म्हणाली. "टोचायचं तूच. हिला जमायचं नाही ते."

अजूनही हात बेबीचाच, आणि सुई आपली! ताईनं डॉक्टरांचा नंबर फिरवला. पलीकडून "हॅलो" आलं, तसा आईनं फोन तिच्या हातातून घेतला.

"डॉक्टर, मी बोलतेय," ती म्हणाली. "पाय दाखवायला आत्ता येतेय. आणि ते इन्सुलिन... सुरू करा. मी घेते."