लगतच्या मालमत्ताधारकाची हरकत

चाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधून गवंडीदादा स्वतः दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होते. लग्न राहून गेलं, कारण मुहूर्ताला नेमका कुणाचा तरी स्लॅब टाकायचा असे. आता थोरल्या बहिणीच्या घराला लागून असलेल्या जागेवर चार बैठी घरं बांधायची, तीन विकायची आणि चौथ्यात आपण राहायचं, असं त्यांनी ठरवलं. घरमालकाने उन्हाळा संपेपर्यंत खोल्या रिकाम्या करायला सांगितलं होतं.

नगरपालिकेचा नियम असा, की पाहणी होईपर्यंत जागेवर खांब रोवून, छताच्या उंचीला दोऱ्या बांधून प्रत्येक भिंत दाखवायची आणि शेजाऱ्यांना रजिस्टर पत्राने कळवायचं. दादा नियमाचे पक्के. ताईचं फाटक दहा पावलांवर. तरी पोस्टात जाऊन त्यांनी पत्र टाकलं. ‘मा. लगतचे मालमत्ताधारक, आपली हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.’

ताईंनी चौदाव्या दिवशी कळवली. ‘नियोजित बांधकामामुळे माझ्या अंगणातल्या बाकावरचं सकाळचं ऊन जाईल. त्या उन्हावर माझे दोन्ही गुडघे अवलंबून आहेत.’

पाहणी तीनदा पुढे ढकलली गेली. पाच महिने दर रविवारी दादा ताईंकडे जेवायला येत होते. पण फायलीतला विषय घरात काढायचा नाही, एवढं दोघांनाही कळत होतं. वाढताना ताई फक्त म्हणायच्या, “आणखी घ्या, अर्जदार.”

अखेर एका सकाळी साडेनऊला नगरपालिकेच्या बांधकाम समितीचे अध्यक्ष, ओव्हरसियर आणि फाईल जागेवर आले. जागेवर घर उभं होतं. चौथ्या घराच्या दोऱ्यांवर ताईंनी काठीने चादरी, पलंगपोस आणि पडदे वाळत घातले होते; दोरीपासून जवळजवळ जमिनीपर्यंत, एकाला एक लावून.

“विनापरवाना बांधकाम?” अध्यक्षांनी विचारलं.

“धुणं आहे,” ताई म्हणाल्या. “आणि जरा बाजूला व्हा, तुम्ही मोरीत उभे आहात.”

अध्यक्ष चटकन मोरीतून बाहेर आले.

ओव्हरसियरांनी नकाशा उघडला. “हरकतीत तथ्य नाही, साहेब. सावली बाकापर्यंत येत नाही.”

सगळ्यांनी बाकाकडे पाहिलं. पलंगपोसाची सावली त्यावर ऐसपैस बसली होती.

“मग ही कुणाची?”

“नकाशातली सावली दुपारी बाराची आहे, साहेब. बाराला ती कमीत कमी जागा घेते.”

“माझे गुडघे नऊला दुखतात,” ताई म्हणाल्या.

अध्यक्षांनी पेन काढलं. “अर्ज नामंजूर करावा लागेल. नवा नकाशा, नवी फाईल.”

नवी फाईल म्हणजे पुन्हा पाच महिने. दादांनी खिशातला ओळंबा काढला आणि उगाचच पुन्हा आत ठेवला.

ताईंनी ते पाहिलं. “थांबा हो जरा,” म्हणत त्या काठी घेऊन पुढे झाल्या. कडेचा पलंगपोस उतरवला आणि तीन हात आतल्या दोरीवर टाकला. सावली मागे सरकली. बाकावर ऊन पडलं.

“भिंत इथे घे,” त्या भावाला म्हणाल्या. “पाच महिने रोज धुणं सरकवून बघतेय. हिवाळ्यातही बघितलंय.”

“अगं, पण तीन हात गेले तर स्वयंपाकघर राहतंय कुठे?”

“एवढं काय रांधायचंय तुला? जेवायला येतोस माझ्याकडे!”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कुठे? मला तर पोस्टमनने विचारलं. मी लगतची मालमत्ताधारक!”

दादांनी पलंगपोसाची कड सरळ केली. मग म्हणाले, “चुकलं, ताई.”

“हे लेखी घ्यायचं का?” ओव्हरसियरांनी विचारलं.

भिंत तीन हात आत घेण्याच्या अटीवर अर्ज तिथेच मंजूर झाला. अध्यक्षांनी उभ्याउभ्याच शेरा लिहिला, ‘खांब व दोऱ्या तत्काळ काढाव्यात.’

“पडदे ओले आहेत,” ताई म्हणाल्या.

अध्यक्षांनी ‘तत्काळ’ खोडून ‘वाळल्यावर’ असं केलं आणि शेजारी सही केली.

आठवड्याने दादांच्या भाड्याच्या खोलीवर रजिस्टर पत्र आलं. ‘मा. लगतचे मालमत्ताधारक, यापुढे आपण दोन्ही वेळा जेवायला आमच्याकडे यावे, असे योजले आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.’

दादांनी हरकत घेतली नाही. फक्त नियमाप्रमाणे पोचपावती द्यायला स्वतः गेले, आणि ती नेमकी जेवणाच्या वेळेला दिली.